दोन कांकणांचा आवाज

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आमच्या देवळात गुरुचरित्राचं पारायण बसतं. सात दिवस वाचन, संध्याकाळी आरती, रात्री कीर्तन. आणि पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी पाळणा हलला की सुंठवडा. या सात दिवसांत एखादे तरी बुवा अवधूताच्या चोवीस गुरूंचं आख्यान लावतातच. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा. यदुराजाने अवधूताला विचारलं, तू इतका निश्चिंत कसा? आणि अवधूताने हातचं काही राखून न ठेवता, आपण कोणाकडून काय घेतलं ते एकेक करून सांगितलं. पृथ्वीकडून हे, वाऱ्याकडून ते, पिंगलेकडून अमुक, बाण करणाऱ्या कारागिराकडून तमुक. चोवीस नावं, चोवीस ऋणं.

त्यातली एक गुरू म्हणजे कुमारी, लग्नाची मुलगी. तिच्या घरी सोयरीक घेऊन पाहुणे आले. घरची माणसं बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवू घालायचं म्हणून ती आत साळी कांडायला बसली, तर हातातली कांकणं वाजू लागली. घरात कांडलेले तांदूळसुद्धा नाहीत हे बाहेर कळेल, म्हणून तिला लाज वाटली. तिने एकेक कांकण उतरवलं. दोन ठेवली, तरी वाजली. एकेकच ठेवलं, तेव्हा आवाज थांबला. बुवा यातून एकांताचा बोध सांगतात, आणि तोच खरा आहे. पण मला या कथेतून आणखी एक गोष्ट कळली. ती देवळात नाही, पतसंस्थेच्या सभेत कळली. आणि कळायला उशीर झाला. तीच आज भाविक वाचकांपुढे ठेवतो.

मी आंबेगाव तालुक्यात ३४ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर गावच्या मंडळींनी आग्रह केला, "गुरुजी, तुमच्यासारखा सरळ माणूस पाहिजे," आणि मी एका लहान पतसंस्थेत संचालक झालो. पुढे कर्ज उपसमितीचा अध्यक्षही झालो. आम्ही पाच जण होतो. महिन्यातून एकदा बसायचं, आलेले अर्ज बघायचे, मंजूर-नामंजूर करायचे. चहा घ्यायचा आणि उठायचं.

एका सभेत माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा अर्ज आला. सख्खा भाचा. टोमॅटोचा प्लॉट करायचा होता. बांबू, तार, सुतळी, मल्चिंग पेपर, ठिबक, मिळून पाच लाखांची मागणी. मुलगा कष्टाळू, व्यसन नाही, जमीन नावावर. व्यवस्थापकाने अर्ज वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बघा बुवा, तुम्हाला काय वाटतं ते." चौघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्यातले एक जुने संचालक होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, विषय मंजूर. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्याच सभेत पुढचा अर्ज एका विधवा बाईंचा होता. दोन गायींसाठी ऐंशी हजार. त्या महिन्यात वाटायला ठेवलेली रक्कम भाच्याच्या कर्जाने जवळजवळ संपली होती. "पुढील सभेत विचारात घ्यावा," असं प्रोसिडिंगला लिहिलं गेलं. त्यात आम्हा कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

आता पुढचं ऐका. भाच्याचं पहिलं वर्ष वाईट गेलं. नारायणगावच्या बाजारात त्या हंगामात क्रेटला भाव मिळाला नाही, तोडणीची मजुरीसुद्धा सुटेना. दोन हप्ते थकले. पण पोरगं चिवट. दुसऱ्या वर्षी हात दिला पिकाने, आणि तिसऱ्या वर्षी कर्ज व्याजासकट फिटलं. पतसंस्थेचा एक रुपया बुडाला नाही. मी एक पैसा खाल्ला नाही. मग चुकलं काय?

हाच प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत होतो, कारण मनात काहीतरी टोचत होतं. पुढच्या दत्तजयंतीला सुंठवड्याच्या रांगेत त्या विधवा बाई माझ्या पुढे उभ्या होत्या. मी विचारलं, "काय बाई, गायी घेतल्या का?" त्या म्हणाल्या, "घेतल्या ना गुरुजी. इकणारा थांबायला तयार नव्हता. मंग बाहेरून काढलं, शेकडा तीननं." शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना भाच्याचं काही माहीतही नव्हतं. त्या सुंठवडा घेऊन पुढे गेल्या. मी मात्र तिथेच उभा राहिलो.

त्या सभेत माझ्या एका हातात दोन कांकणं होती. एक मामाचं, एक अध्यक्षाचं. वाजणं हा त्यांचा धर्मच होता. ती माझ्याशिवाय चौघांनाही ऐकू येत होती, म्हणून तर आबांनी तोंड मिटलं. मी मात्र "बघा बुवा" म्हणून ऐकू न आल्यासारखं केलं.

भाविकहो, सरकारी भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट घरातली आहे. सार्वजनिक कामाची खुर्ची आणि घरचा जिव्हाळा ही दोन्ही एकाच माणसाकडे, एकाच विषयात आली, की संघर्ष उभा राहिला. माणूस चांगला की वाईट, हा प्रश्नच इथे नाही. चांगल्या माणसाचा जिव्हाळा तर जास्तच असतो.

कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखलेली आहे. आपल्या ग्रामपंचायतीचा अधिनियम १९५८ चा. त्याच्या कलम १४ मध्ये सदस्य कशाने अपात्र ठरतो ते दिलं आहे. पंचायतीने काढलेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असला, तर त्याचं सदस्यत्व जातं. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालते. यातला "अप्रत्यक्ष" हा शब्द महत्त्वाचा. आपला सगळा प्रपंच त्या एका शब्दात मावतो.

सहकारातही तसंच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्या कलम ७५ प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे समिती सदस्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिलेल्या कर्जांचं विवरण ठेवावं लागतं. किती दिलं, किती फिटलं, किती थकलं. आपल्याकडे पतसंस्थेचा छापील अहवाल घरोघर येतो. त्यात शेवटी शेवटी हा तक्ता असतो. आपण काय करतो? लाभांश किती ते बघतो, फोटो बघतो, आणि सभेत "मंजूर, मंजूर" म्हणून जेवायला उठतो. तो तक्ता म्हणजे खरं तर त्या अहवालातलं सगळ्यात प्रामाणिक पान. यापुढे अहवाल आला की तेवढं पान आधी वाचा, अशी माझी विनंती आहे.

नागरी सहकारी बँकांच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेने २००३ साली आणखी पुढचं पाऊल टाकलं. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यालाच बंदी केली. सांगून भागत नाही, असा अनुभव आला की मग मनाई करावी लागते. कंपनीच्या संचालकाला २०१३ च्या कायद्याप्रमाणे दरवर्षी आपले हितसंबंध कळवावे लागतात, आणि आपला संबंध असलेल्या विषयाच्या चर्चेत भाग घेता येत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना मत्ता आणि दायित्वाचं विवरण द्यावं लागतं. निवडणुकीच्या उमेदवाराने आपली मालमत्ता शपथपत्रावर जाहीर करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं, आणि आज आपण ते वर्तमानपत्रात वाचतो.

माझ्या भाच्याचं कर्ज मात्र आमच्या अहवालातल्या त्या तक्त्यात आलं नाही. कारण कायद्याच्या कुटुंबात पती-पत्नी, आई-वडील, भावंडं, मुलं अशी जवळची माणसं मोजलेली होती. भाचा त्यात बसत नव्हता. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आज लाज वाटते. ज्याचं बारसं माझ्या मांडीवर झालं, तो कायद्याच्या व्याख्येत बसत नाही म्हणून माझा कोणी नाही, असं मी मनाशी म्हणू शकलो.

नातं आणि हितसंबंध यांची सीमा कुठे, हे न्यायालयांनाही वेळोवेळी ठरवावं लागलं आहे. दोन निकाल सांगण्यासारखे आहेत. विदर्भातल्या एका नगरपालिकेच्या प्रकरणात वडील निवडणुकीला उभे होते आणि मुलगा त्याच नगरपालिकेत कामाला होता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे. त्या नोकरीत त्या माणसाचा स्वतःचा काही लाभ गुंतला आहे असं दिसलं पाहिजे. दुसरं प्रकरण गोव्याचं. तिथल्या एका पंचायत सदस्येच्या पतीकडे पंचायतीच्या कामाचा ठेका होता. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे, वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक धरतात. तेव्हा पतीच्या ठेक्यात पत्नीचा अप्रत्यक्ष हिस्सा आलाच, असं २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि त्यांचं सदस्यत्व गेलं.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. नातं हा गुन्हा नाही. पण ताट एक असेल, तर हात दोन आहेत असं म्हणता येत नाही. गुरुचरित्रात परान्नाची कथा आहे ती आपण दरवर्षी वाचतो. दुसऱ्याच्या घरचं जेवण घेऊ नये, असा एका ब्राह्मणाचा नेम. त्याचा अर्थ सोवळ्याओवळ्यापुरता घ्यायची आपल्याला सवय आहे. पण ज्याचं आपण खातो त्याच्या बाजूने आपलं मन आपोआप कलतं, हे साधं सत्यही त्यात आहेच. खाल्ल्या मिठाला जागायचं, ही आपली शिकवण. मग ज्याचं मीठ खाल्लं त्याचाच न्याय करायची पाळी आली, तर माणसाने काय करावं? मिठाला जागावं की खुर्चीला? यातून सुटायचा एकच सज्जन मार्ग आहे. मीठ खाल्लंय हे आधी सांगावं, आणि न्याय दुसऱ्याला करू द्यावा.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे पुण्या-मुंबईला ठीक. आपल्या गावात कोण कोणाचा पाहुणा नाही? जुन्नर-आंबेगावात चार घरं सोडली की पाचवं सोयऱ्याचं. प्रत्येक जण उठायला लागला तर सभेला गणपूर्ती कुठून आणायची? आणि सांगायचं तरी कोणाला? कोण कोणाचा भाचा, कोण कोणाचा साडू, हे पारावरच्या पोरालाही माहीत असतं.

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मी स्वतः त्याच्याच आडोशाला बसलो होतो. पण त्याचं उत्तर मला माझ्याच सभेत मिळालं.

सुंठवड्याच्या त्या दिवसानंतर जी पहिली सभा झाली, तिच्यात मी उभा राहिलो. म्हणालो, "गेल्या साली माझ्या सख्ख्या भाच्याचं कर्ज मंजूर झालं. मी अध्यक्ष होतो. मी नातं सांगितलं नाही आणि उठलोही नाही. हे प्रोसिडिंगला घ्या." क्षणभर कोणी बोललं नाही. मग एक जण हसून म्हणाले, "गुरुजी, हे काय सांगायचं झालं? आम्हाला म्हाईत नव्हतं व्हय?" तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "म्हाईत समद्यांना व्हतं. बोलता येत नव्हतं. आता येईल."

आबा चौथी शिकलेले. पण या विषयावर त्यांच्याइतकं नेमकं मला कोणी सांगितलं नाही.

माहीत असणं वेगळं आणि बोलता येणं वेगळं. आपल्या समाजात मधे भीड उभी असते. समोर गुरुजी बसलेत, त्यांच्या भाच्याला नाही कसं म्हणायचं? उद्या त्यांच्याच दारात लग्नाला जायचंय. त्या दिवशी आबांना विचारायचं होतं की जामीनदाराचं स्वतःचं कर्ज थकलंय ना? व्यवस्थापकालाही ते ठाऊक होतं. दोघेही माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. भिडेने संस्था भिकेला लागल्याची उदाहरणं आपण डोळ्यांनी बघितली आहेत. ज्याच्यामुळे भीड पडते, त्यानेच पहिल्यांदा तोंड उघडलं तरच ती सुटते. मी जर म्हणालो असतो, "हा माझा भाचा, मी बाहेर बसतो, तुम्ही खुशाल नाही म्हणा," तर चौघांच्या जिभा मोकळ्या झाल्या असत्या. हितसंबंध सांगायचा तो आपला कबुलीजबाब म्हणून नाही. इतरांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून सांगायचा.

आणि गणपूर्तीचं म्हणाल, तर सगळ्यांनी सगळ्याच विषयांत उठावं असं कोण म्हणतं? भावकीतला लांबचा चुलता म्हणजे हितसंबंध नव्हे. मी स्वतःला एक साधी कसोटी लावतो. हा विषय मंजूर झाला तर आज रात्री माझ्या घरात, बहिणीच्या घरात, लेकीच्या घरात कोणाला आनंद होणार आहे का? आणि नामंजूर झाला तर उद्या मला कोणाच्या तोंडाला तोंड द्यावं लागणार आहे का? यातलं एकाचंही उत्तर "हो" आलं, तर सांगायचं आणि उठायचं.

दुसरा आक्षेप मानी माणसाचा असतो. "माझ्यावर विश्वास नाही का? इतकी वर्षं गावात वागलो, आता नातं जाहीर करून उठायचं म्हणजे मी चोर ठरलो." मलाही असंच वाटलं असतं. पण शाळेत आम्ही काय करायचो? माझा मुलगा माझ्याच वर्गात होता त्या वर्षी त्याचे पेपर मी शेजारच्या बाईंना तपासायला द्यायचो. त्यात मला कमीपणा वाटला नाही. उलट मुलाला मिळालेले मार्क त्याचेच आहेत, हे मी छातीठोक सांगू शकत होतो. शाळेत जे कळत होतं, ते खुर्चीवर बसल्यावर का कळू नये?

आपल्या भागात फिरताना मला एक गोष्ट नेहमी दिसते. जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत लेणी आहेत, आणि लेण्यांत शिलालेख आहेत. मानमोडीच्या डोंगरात एक लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. महाक्षत्रप नहपानाचा अयम नावाचा अमात्य, म्हणजे त्या काळचा मोठा राजसेवक. त्याने मंडप आणि पाण्याची पोढी दान दिली. लेखात काय आहे? धनी कोण, आपला हुद्दा काय, गोत्र कोणतं, काय दिलं, कशासाठी दिलं, आणि साल ४६. दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिल्याची नोंद आहे. नाणेघाटात सातवाहनांच्या राणीने यज्ञात किती गायी, किती नाणी दिली, त्याचे आकडे भिंतीवर कोरलेत. आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण उभा आहे, ज्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. हे लेख आजच्या अर्थाने हितसंबंधांचं निवेदन नव्हेत, हे मलाही कळतं. पण कोणी, कोणत्या हुद्द्यावर असताना, काय दिलं, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं दगडावर लिहायची सवय या मातीत होती. आम्हाला मात्र प्रोसिडिंग बुकात एक ओळ लिहायची लाज वाटते.

पण नुसतं सांगितलं म्हणजे झालं, असंही नाही. सांगण्याचाही विधी होऊन बसतो. मी असे सभासद पाहिले आहेत की, "हा माझा पुतण्या आहे बरं का," असं म्हणतात आणि तिथेच मांडी ठोकून बसतात. त्याचा अर्थ उलटाच होतो. आधी भीड होती, आता इशारा झाला. काही जण बाहेर व्हरांड्यात जातात आणि तिथून खिडकीतून बघत राहतात. म्हणून सांगणं, उठून जाणं आणि लिहून ठेवणं, ही तिन्ही कामं एकत्र झाली तरच त्याला अर्थ आहे. आणि चौथं सगळ्यात अवघड काम म्हणजे निर्णय विरुद्ध गेला तर घरच्यांना तोंड देणं.

आणखी एक सांगितलं पाहिजे. हा नियम शत्रूचं हत्यार म्हणूनही वापरता येतो. हरलेला उमेदवार पाच वर्षं एवढंच शोधत बसतो की जिंकलेल्याच्या कोणत्या नातेवाइकाचं कोणतं बिल पंचायतीत निघालं. आणि पुष्कळदा सदस्य बाई असते, व्यवहार नवऱ्याने किंवा दिराने केलेला असतो, तिला विचारलेलंसुद्धा नसतं. सही मात्र तिची, आणि पदही तिचंच जातं. मला त्या बायांबद्दल वाईट वाटतं. पण त्यावर उपाय गप्प बसणं हा नाही. घरातल्या पुरुषांना मी सांगेन, तुमच्या घरातली बाई निवडून आली असेल तर पंचायतीचं काम तुम्ही घेऊ नका. तिच्या पदाचा मान राखण्याची ही पहिली पायरी आहे. आणि बायांना सांगेन, सहीच्या आधी विचारा, हे बिल कोणाचं?

अवधूताच्या गुरूंत एक पक्षीही आहे, कुरर. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याच्या मागे लागले. त्याने तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. सभेतून उठून बाहेर येणाऱ्या माणसाला हे सुख मिळतं. मला ते पुढच्या वर्षी मिळालं. साडूच्या मुलाचा अर्ज आला तेव्हा मी नातं सांगितलं, बाहेर गेलो, देवळाच्या पायरीवर जाऊन बसलो. अर्ज नामंजूर झाला. घरी आठ दिवस अबोला होता. पण मला झोप चांगली लागली.

मागच्या वर्षी भाचा पारायणाला आला होता. आता त्याची स्वतःची मुलं मोठी झाली आहेत. पंगत उठल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मी त्याला हे सगळं सांगितलं. प्रोसिडिंगला लिहिलेलंही सांगितलं. मला वाटलं, तो रागावेल. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मामा, कर्ज मी फेडलं. पण ते मला माझ्या कामावर मिळालं का तुमच्या तोंडावर मिळालं, हे मला आजपर्यंत कळलं नाही. गावात कोणी म्हणलं, मामानं दिलं, तर मला उत्तर नसतं."

मला आतापर्यंत वाटत होतं की माझ्या गप्प बसण्याने त्या बाईंचं नुकसान झालं, आबांची अडचण झाली, संस्थेचा कारभार बिघडला. ज्याचं भलं करायला मी गप्प बसलो, त्याचंही मी काहीतरी हिरावून घेतलं, हे मला त्या रात्री कळलं. त्याच्या कष्टाची किंमत मी कमी केली. ती आता मला परत करता येत नाही.

आमच्या देवस्थानच्या कमिटीत आता एक पद्धत पडली आहे. सभा सुरू झाली, मागचं इतिवृत्त वाचून झालं, की अध्यक्ष विचारतात, "आजच्या विषयांत कोणाचा घरचा संबंध आहे का?" मांडववाला, आचारी, स्पीकरवाला, फुलवाला, शेवटी सगळे गावातलेच असतात. ज्याचा असेल तो सांगतो, त्या विषयापुरता बाहेर जातो, आणि ते लिहिलं जातं. पहिल्या सभेत लोक संकोचले. आता कोणाला काही वाटत नाही. मांडवाचं काम कमिटीतल्याच एकाच्या भावाला मिळालं, कारण त्याचा दर कमी होता. आणि त्यावर गावात कोणी शब्द काढला नाही.

भाविकहो, पौर्णिमेला आपण पाळणा हलवतो तेव्हा अनसूयामातेची कथा ऐकतो. तिची परीक्षा घ्यायला तिघे देव आले ते खरं रूप लपवून, भिक्षेकऱ्यांच्या वेषात. त्यांची मागणी अशी की तिला ना हो म्हणता येईना, ना नाही. मातेने त्यांना लेकरं केलं. त्यांच्याशी आपलं नातं काय, हे तिने उघड करून टाकलं, आणि मग पेच उरलाच नाही. वेष घेऊन आलेले देव पाळण्यात आले, आणि आपल्याला दत्त मिळाले.

आपल्या कोणाच्या अंगी त्या मातेचं तेज नाही. आपण प्रपंची माणसं. लेकीबाळी, भाचे-पुतणे, सोयरे-धायरे यांच्यातच आपला जन्म जाणार, आणि जावा. कांकणं उतरवायची गरज प्रत्येकाला नाही. पण गावाने एखाद्या खुर्चीवर बसवलं, तर त्या वेळेपुरतं एक कांकण काढून सगळ्यांसमोर ठेवता आलं पाहिजे. तेवढी बुद्धी महाराजांनी आपल्याला द्यावी, हीच या दत्तजयंतीला चरणी प्रार्थना.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥